उन्हात टिकणारा प्रोसेसर

मित्रांनो, कुंकवाच्या रिकाम्या डबीत पडून असलेला मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकाची सारी आकडेमोड माझ्यासारख्या लहानशा चौकोनी तुकड्यात चालते. जीव एवढासा, पण धास्ती मात्र मी आयुष्यभर वाहिली.

२००३ सालच्या मार्चमध्ये नांदेडच्या एका दुकानात शिलाने मला पाहिले. हट्टा गावाजवळच्या बंजारा तांड्यावरची ही मुलगी. तिला गावात टायपिंगचे दुकान टाकायचे होते, आणि संगणक स्वतःच जोडायचा होता. उद्या बिघडला तर कुणाच्या दारी जायला नको! सोबत तिचे वडील फुलसिंग होते. दुकानदार गुलाबचंदने मला बाजूला सारून दुसराच प्रोसेसर पुढे केला.

"हा घे बेटी. नुसता पळतो."

"तापतो किती?" शिलाने विचारले. "आमच्या दुकानावर पत्रे हायेत."

फुलसिंगांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. फुलसिंग म्हणाले, "शेठ, पळणारा शर्यतीला ठेवा. आमाला उन्हात टिकणारा द्या."

"बैलबाजार हाय का हा?" गुलाबचंद हसला. पण मला माझ्यावर बसणाऱ्या छोट्या पंख्यासह बांधून देताना त्याने बजावले, "पंख्याखाली पांढरा मलम लावलेला आहे. तसाच बसव."

तो मलम माझी उष्णता पंख्याकडे पोचवतो. तो नसेल तर मी भाजून निघतो.

गावातल्या आपल्या दुकानात शिलाने मला अलगद जागेवर बसवले. माझ्या बारीक सुया वाकतील या भीतीने मी गोठून गेलो होतो. मग ती पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, आणायला शेजारी गेली, आणि परत येऊन तिने पंखा आवळला.

शनिवारी दुपारी पहिले काम आले, शाळेच्या प्रश्नपत्रिकांचे. हेडमास्तर उकंडराव म्हणाले, "सोमवारी सकाळी पायजेत. न्हाई जमलं तर पुढचं सगळं काम वसमतला."

संगणक सुरू झाला आणि पाच मिनिटांत बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. मी आतून जळत होतो.

"म्याच दुबळा निवडला," फुलसिंग उंबऱ्यावर बसून म्हणाले. आता माझी रवानगी परत नांदेडला, असे मला वाटले.

शिलाने पंखा उतरवला. माझी पाठ कोरडी होती. "मलम कुठं गेला?"

तिची याडी, म्हणजे आई, रुख्मिणीबाई कोपऱ्यात उभी होती. ती हळूच म्हणाली, "तू पेचकस आणाया गेलीस तवा पंख्याला चुना लागलाय वाटलं गं. नव्या जिनसाला डाग बरा दिसत न्हाई, म्हणून पदरानं पुसला. तुझं दुकान म्या बुडवलं व्हय?"

शिलाने पंखा बाजूला ठेवला. मग ती म्हणाली, "याडी, रडू नको. पदर दाव."

पदरावर पांढरा डाग तसाच होता. रुख्मिणीबाई तशीच तडक निघाली आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रतनसिंगच्या टपरीवर गेली.

"असला मलम हाय का रे?" तिने पदर दाखवत विचारले.

"व्हय काकी. रेडिओतबी लागतो. पण पदराला काहून लावला?"

"पोरीला इचार!" म्हणत ती कागदात बोटभर मलम घेऊन परतली. शिलाने तो माझ्या पाठीवर लावून पंखा पुन्हा आवळला.

रविवारभर, वीज होती तितका वेळ, मी तापत्या पत्र्याखाली अखंड चाललो. सोमवारी प्रश्नपत्रिका शाळेत पोचल्या. उकंडराव म्हणाले, "निकालपत्रकंबी तूच कर."

पुढे सात उन्हाळे मी काम केले. मग नवा प्रोसेसर आला आणि शिलाने मला या डबीत ठेवले.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा; पण पुसण्याआधी ती कशी चालते ते विचारा. आणि मायेने चुकलेल्या हाताला बोल लावू नका. रुख्मिणीबाई दर दिवाळीला फळीवरचे सगळे पुसते. माझी डबी उघडते, पाठीवरचा वाळलेला पांढरा डाग पाहते, आणि पदर मागे घेऊन झाकण लावते.