दाणा चुरल्याशिवाय नाही

"चिमणे, दाणा दोन बोटांत चुरल्याशिवाय टोमॅटोला हात लावायचा नाही. सांगून ठेवते!"

मित्रांनो, मावशींचा हा आवाज अजून माझ्या काठाला चिकटून आहे. मी एक जुने, जाड बुडाचे पातेले आहे. भट्टीतून निघाले तेव्हा लखलखत होते. आता पोटातून काळे आणि एका कानाने तुटके.

मावशी बंदरावरच्या खानावळीत स्वयंपाकीण होत्या. एका इटालियन खलाशाने त्यांना भाज्यांचे सूप शिकवले आणि तीस वर्षे ते माझ्यात रटरटले. कांदा, गाजर, सेलरी मंद आचेवर मऊ करायची. त्यावर भिजवलेला पांढरा राजमा आणि पाणी. तो शिजत आला की बटाटा, कोबी, चीजची वाळकी साल. टोमॅटो आणि मूठभर पास्ता अगदी शेवटी. चमचा उभा राहील असे दाट!

"मावशी, पातेलं विकता का?" खलाशी वाटी पुसत विचारत.

"पातेलं नेशील रे, हात कुठून आणशील?"

मी फुगून जात असे. पुढे खानावळ बंद झाली. मावशी मला घरी घेऊन आल्या. त्यांची भाची चिमणी नोकरीला लागली, घरात कुकर आला आणि मी माळ्यावर गेले. देवाची इच्छा, म्हणून गप्प राहिले.

गेल्या महिन्यात मावशींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हल्ली घास पुढे केला की त्या तोंड फिरवत. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परवापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

आज सकाळी चिमणीने मला खाली उतरवले. कांदा परतला आणि त्यावरच टोमॅटो ओतला! मग राजमा. आंबटात राजमा शिजत नाही, हे मला ठाऊक होते. पण देवाने भांड्याला तोंड दिले, जीभ दिली नाही. मी खदखदले, झाकण आपटले. तिने गॅस बारीक केला.

पलीकडच्या खोलीत वास पोचला. मावशी डाव्या हाताने पेला खाटेवर आपटू लागल्या.

"आले, आले! भूक लागली ना? दम धर की गं जरा!"

मावशी आणि मी, दोघेही ओरडत होतो, मित्रांनो. ऐकणारे कोणी नव्हते.

तीन तासांनीही राजमा खड्यासारखा. मावशींनी घास घेतला आणि दाणा ओठांतून बाहेर आला. त्यांनी तो डाव्या हाताच्या दोन बोटांत धरला, दाबला, चिमणीपुढे केला. चुरला नाही.

चिमणी बघतच राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"मावशी... टोमॅटो मी आधी घातला."

मावशींनी हळूच डोळे मिटून उघडले.

"उद्या दाणा चुरल्यावरच. शब्द देते तुला."

मित्रांनो, जुन्या भांड्यांना माळ्यावर टाका हवे तर. पण घरातले माणूस बोलू शकेनासे झाले, तर त्याच्या हाताकडे बघत जा. माझ्यापाशी सांगण्यासारखे एवढेच आहे.

उद्या काय होईल, मला ठाऊक नाही. चिमणीने मला राखेने घासले, तुटका कानही पुसला. पाणी भरले आणि पांढरे दाणे, एकेक निवडून, भिजायला माझ्यात सोडू लागली.