पेटीतून येणारा किर्र आवाज

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या कार्तिकातली गोष्ट. आमच्या नारायण पेठेतल्या राममंदिरात कीर्तन सप्ताह चालू होता. सरोजिनीताईंचं कीर्तन म्हणजे माझ्यासाठी पर्वणीच. पूर्वरंगाला बसलो की उत्तररंग संपेपर्यंत माझी मांडी हलत नाही. दर सप्ताहात चौथऱ्यावर पेटीशेजारी कुणीतरी तुळशीची कुंडी ठेवतं. त्या वर्षी ती सेवा मी केली. चौथ्या दिवशी सकाळी तळजाईच्या टेकडीवर गेलो होतो, तिथून रुंद पानांचं, घमघमणारं रोप मातीसकट आणून कुंडीत लावलं. बायकांनी त्याला हळदकुंकूही वाहिलं.

त्याच संध्याकाळपासून पेटीतून किर्र, किर्र असा बारीक आवाज यायला लागला.

पेटीवर यज्ञेश्वरबुवा. वय बहात्तर. तीस वर्षं ते या चौथऱ्यावर साथीला बसत आले. पत्नी वारल्यावर सप्ताहाची ही सेवा एवढंच त्यांचं उरलेलं. पाचव्या दिवशी दुपारी कार्यवाह श्यामसुंदररावांनी पेटी उघडून भाता, पट्ट्या सगळं बघितलं. आवाज नाही. संध्याकाळी बुवा बसले, आणि पुन्हा किर्र.

"बुवा, पेटी दुपारी ठणठणीत असते. आपण बसलात की रडायला लागते. आता याचा अर्थ आपणच काढा," श्यामसुंदरराव म्हणाले.

"पण मला तर तसं काही ऐकूच येत नाही हो."

"तेच म्हणतोय मी."

सहाव्या दिवशीही तेच झालं. समाप्तीच्या कीर्तनाला दुसरा पेटीवाला बोलवायचं ठरलं. बुवा भांडले नाहीत. पेटीवरचं कापड नीट करताना त्यांचे हात मात्र उगाच रेंगाळले.

पायऱ्या उतरताना मंदाकिनीबाईंनी मला गाठलं. राहायला सदाशिव पेठेत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. "माधवराव, ती पेटी नव्हे. तो किडा आहे."

"काय सांगता? मग आत्ताच सांगू या त्यांना."

"कुणाला? श्यामसुंदररावांना? किडा हातात दिल्याशिवाय ते ऐकायचे नाहीत. उद्या संध्याकाळी साडेपाचला या. टॉर्च आणा. आणि बोलणं घरी ठेवून या."

रात्रभर मला धड झोप नाही. दुसऱ्या दिवशी सव्वापाचलाच देवळात हजर. विहिरीकडच्या गवतातून टुणकन एक हिरवा प्राणी उडाला, तो मी ओंजळीत पकडलाच.

"हाच ना?"

"मिशा बघा त्याच्या. आखूड. हा नाकतोडा. हा दिवसा गवतात बसून मागचे पाय पंखांवर घासून आवाज काढतो. सोडा त्याला, कपड्यांवर काळं थुंकेल."

थुंकलाच. चपलांच्या फळीखाली दुसरा सापडला: तपकिरी, चपटा, मिशा अंगाहून लांब. मी तर नाचायचाच बाकी होतो.

"घराणं बरोबर आहे," बाई म्हणाल्या, "पण हा घरातला रातकिडा. जमिनीलगत राहतो, थांबून थांबून ओरडतो. आपला आवाज गुडघाभर उंचीवरून येत होता, आणि सलग."

पारिजातकाच्या फांदीवर तर एक पानच चालायला लागलं. त्यालाही लांब मिशा, पण शेपटीला कोयत्यासारखं टोक. "ही मादी. यांच्यात गाण्याचं खातं नरांकडे," असं म्हणून बाई पुढे गेल्यासुद्धा. मला मात्र तिथून हलवेना. चाळीस वर्षं या अंगणातून मी ये-जा करतोय, आणि देवानं इथे एवढं गणगोत मांडून ठेवलंय याचा मला पत्ता नव्हता.

सहा वाजून गेले. उजेड मंदावला आणि आतून आवाज आला. किर्र, किर्र.

आम्ही धावलो. पेटी बंद होती, तिच्यावर कापड होतं, जवळ चिटपाखरू नव्हतं, आणि आवाज खणखणीत येत होता. आम्ही चौथऱ्याला टेकलो तसा तो थांबला. बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. माझ्या छातीत टाळ वाजत होता. मनात रामनाम घेत मी पुतळ्यासारखा बसलो. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू. बाईंनी टॉर्च हळूच वळवला तो माझ्या कुंडीवर.

एका पानाला मधोमध भोक पाडलेलं. भोकात डोकं घालून एक फिकट हिरवा, नाजूक किडा बसलेला, पारदर्शक पंख उभे करून थरथरवत. "झाडावरचा रातकिडा," बाई कुजबुजल्या. "पानाचा कर्णा केलाय बघा, आवाज लांब जावा म्हणून. आणि माधवराव, ही तुळस नव्हे. रानतुळस आहे. टेकडीवर त्याचं हेच घर."

आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी लाज वाटली. माझ्या भक्तीपायी एका सेवेकऱ्याचं आसन चाललं होतं.

मंडळी जमायला लागली होती. मी सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं, "दोष पेटीचा नाही, बुवांचा नाही. माझा आहे." आणि किडा दाखवला.

श्यामसुंदररावांनी चष्मा सारखा केला. "छान. आम्ही पेटी उघडत बसलो, तुम्ही वाजवणारा कुंडीतून आणलात." मग ते बुवांकडे वळले. "पण बुवा, आत्ताही तो ओरडतोय. आता तरी ऐकू येतोय?"

बुवांनी कुंडीशी कान नेला. बराच वेळ थांबले. "नाही," ते खाली बघत म्हणाले.

पेटी निर्दोष सुटली होती, पण आता ठपका बुवांच्या कानांवर आला होता.

सरोजिनीताई चिपळ्या घेऊन पुढे आल्या. "श्यामसुंदरराव, मी इतक्या वरच्या पट्टीत गात नाही. माझ्या साथीदाराला मी ऐकू आले म्हणजे पुरे." आणि बुवांकडे न बघता त्यांनी नमनाचा पहिला सूर लावला.

बुवांनी कापड बाजूला केलं, भाता ओढला आणि बोट ठेवलं. नेमका तोच सूर. ताईंनी मुद्दाम एक अवघड वळण घेतलं, तर बुवा त्यांच्या आधीच तिथे पोचलेले.

"ठीक आहे," श्यामसुंदरराव म्हणाले. "येणाऱ्या पेटीवाल्यांना पुढच्या रांगेत बसवू. त्यांनाही कीर्तन ऐकू दे."

मी कुंडी उचलली, विहिरीच्या कठड्यापाशी ठेवली आणि पळतच आत आलो. पूर्वरंग सुरू झाला होता.