जनरलच्या अंत्यविधीचे उखळी बार

जनरल म्बादुघा यांच्या अंत्यविधीला उखळी बार उडवायचे नाहीत, असं त्यांची मुलगी उझोआमाका हिनं सांगितलं आणि भाऊबंदांची बैठक तिथंच बिनसली.

"बार न उडवता फक्त पोरंसोरं पुरतात," चुलतभाऊ अनायो म्हणाला. "ताई, बियाफ्राच्या युद्धात अख्खी आघाडी सांभाळलेला माणूस हा. शेजारची गावं तोंडात शेण घालतील."

"बाबांची इच्छा होती."

"अगं, पण का?"

उत्तर तिला ठाऊक होतं. ते कुणाला सांगणार नाही, असं वचन तिनं वडिलांना दिलं होतं.

युद्ध हरल्यावर जनरल गावी येऊन कोनफळं लावू लागले. त्यांच्या तुकडीतली माणसंही परतली. त्यातले काही जण बार वाजला की जमिनीवर पालथे पडत. एका मयताला तसं झालं आणि पोरं हसली. तेव्हापासून कुठंही उखळ्या भरायला लागले की जनरल आपल्या त्या माणसांना हाक मारत, "चला रे, मळ्यात ताजी ताडी उतरवलीय." जनरलना मेलेल्यापेक्षा ताडी प्यारी, अशी गावभर थट्टा होई. त्यांनी ती मरेपर्यंत होऊ दिली.

आता मळ्यात न्यायला कोणी नव्हतं. आणि ते म्हातारे या वेळी गेलेही नसते. त्यांना साहेबांच्या खड्ड्याशी उभं राहायचं होतं.

अनायोनं ऐकलं नाही. अंत्यविधीच्या सकाळी आवारात लोखंडी उखळ्या मांडल्या गेल्या आणि बारवाला दारू ठासू लागला. तेवढ्यात घराण्याच्या माहेरवाशिणी आल्या. पुढे ओयिरिदिया आत्या, जनरलची चुलत बहीण. तिचा नवरा त्याच तुकडीतला. मळ्यातली ताडी त्यानंही पुष्कळ प्यायली होती. आत्यानं उखळ्यांना खेटून स्टूल टाकलं आणि पाय पसरले. बाकीच्या तिच्याभोवती बसल्या.

"आत्या, ऊठ. भाजशील."

"आमच्या मानाचा बोकड कुठाय?"

"दुपारी देतो."

"मग बारही दुपारी."

माहेरवाशिणींना हात धरून उठवण्याची हिंमत गावात कुणाची नव्हती. अनायोनं धावपळ करून बोकड आणवला. आत्यानं त्याची पाठ चाचपली.

"हा बोकड की उपाशी कोंबडा? भाऊ गेलाय माझा. दुसरा आण."

दुसऱ्याचं शिंग मोडकं निघालं. तोवर चर्चच्या माणसानं प्रार्थना आटोपली होती. पेटी खाली उतरली. तुकडीतले म्हातारे काठ्या बाजूला ठेवून ओळीत उभे राहिले. त्यातल्या फ्रायडे नावाच्या सगळ्यात थोरल्या म्हाताऱ्यानं सलाम ठोकला आणि पहिली मूठभर माती टाकली. उझोआमाका आधी त्यांच्याकडे आणि मग उखळ्यांकडे बघत होती. आत्या शेजारणीशी तपकिरीच्या भावावरून वाद घालत होती.

खड्डा बुजला तेव्हा तिसरा बोकड पसंत पडला.

"आता तरी उडवू?" अनायोनं विचारलं.

"आता? झोपलेल्या माणसाला उठवतोस?"

बारवाला हसला आणि दारू परत पोत्यात भरू लागला. अनायोनं कपाळाला हात लावला, पण त्यालाही हसू आवरेना.

जेवणाच्या पहिल्या पंगतीला म्हातारे बसले. वाढायला उझोआमाका स्वतः होती.

"बोकड जून आहे हो," फ्रायडे कुरकुरला.

"बोकड नव्हे, दात जून आहेत तुमचे," आत्या म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला.