दारामागची स्टिक आणि वेदांगचा पासपोर्ट

दार उघडलं की त्याच्या मागे उभी दिसते ना, ती मी. आइस हॉकीची जुनी स्टिक. मित्रांनो, माझं बोलणं जरा तिरकं वाटेल, पण काय करू, मला संशयाची सवयच आहे. समोरचा कुठून येतोय, कशाला येतोय, हे आधी बघायचं. सगळं आयुष्य बचावपटूच्या हातात गेलं, दुसरं काय होणार!

कार्बनचे पातळ थर एकावर एक दाबून मला कारखान्यात घडवलं. एका कॅनेडियन कुटुंबानं मला दुबईत आणलं आणि देश सोडताना सोफा-मिक्सरसोबत विकून टाकलं. तेव्हापासून सुटकेस दिसली की मला वाटतं, आता पुन्हा विकणार.

मला घेतलं दुबईतल्याच डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतल्या शैलेंद्र आणि मंजुषानं, त्यांच्या वेदांगसाठी. मी लांब पडत होते म्हणून मला वरून कापलं. पोरगा ताडमाड वाढला, तेव्हा लाकडी तुकडा ठोकून पुन्हा लांब केलं. मला कुणी विचारलं नाही. पण मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर आम्ही दोघांनी भल्याभल्यांना अडवलं. बाहेर अंग भाजत असायचं आणि आत मंजुषा शाल गुंडाळून बसलेली असायची. कोच अन्वर म्हणायचे, "अच्छा खेलता है, मगर डिफेन्स देर से पकता है. सबर रखो, हबीबी."

यंदा ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू वाटून घेतात त्या निवडीत, एका अमेरिकन व्यावसायिक क्लबनं वेदांगला निवडलं. घरात शिरा झाला, शेजाऱ्यांना वाटला. दुसऱ्या दिवशी क्लबच्या बाई व्हिडिओ कॉलवर आल्या. म्हणाल्या, आमच्या संघात लगेच नाही. आधी चार वर्षं तिकडच्या कॉलेजच्या संघात खेळू दे, चुकू दे, अंग भरू दे. तोवर त्याचे हक्क आमच्याकडे राहतील.

हक्क आमच्याकडे! शैलेंद्रचा चेहरा उतरला.

"निवडलंय तर कामावर घ्या ना," कॉल संपल्यावर तो म्हणाला. "कामावर घेणार नाही आणि सोडणारही नाही, हा कुठला न्याय?"

मित्रांनो, त्याचा संशय उगाच नव्हता. त्याची पहिली नोकरी शारजात, रोल्ला भागात होती. मालकानं त्याचा पासपोर्ट लोखंडी कपाटात ठेवला होता. पुण्यात वडील अत्यवस्थ झाले, तेव्हा हा रोज मागायचा आणि मालक रोज म्हणायचा, "इन्शाल्ला, बुकरा." म्हणजे उद्या. तो उद्या उजाडेपर्यंत वडील गेले होते.

पुढच्या कॉलवर त्यानं सरळ विचारलं, "माझ्या मुलाचा पासपोर्ट कोण ठेवणार?"

बाईंना प्रश्नच कळेना. मग त्या सावकाश म्हणाल्या, "तो त्याचा आहे. त्याच्याजवळच राहील. हक्क म्हणजे इतकंच, की तोवर दुसऱ्या क्लबनं त्याला घ्यायचं नाही. कॉलेज संपल्यावर त्याला आम्ही नको असलो, तर तो मोकळा."

मला तरी पटलं नाही. गोड बोलत पुढे येणारे मी पुष्कळ पाहिलेत. शैलेंद्रलाही पटलं नसावं.

कारण व्हिसाच्या मुलाखतीला दोन दिवस उरले आणि वेदांगचा पासपोर्ट सापडेना. खण उपसले, गाद्या उलटल्या. "आय केप्ट इट हिअर, आई, आय स्वेअर," वेदांग रडकुंडीला आला होता. शैलेंद्र टीव्ही बघत होता. मंजुषा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"शैलेंद्र, कुठे आहे?"

"ऑफिसच्या लॉकरमध्ये," तो म्हणाला. "जरा नीट चौकशी होऊ दे. उद्या बघू."

मंजुषाचा आवाज अजिबात चढला नाही. "उद्या? तुझा तो मालकही हेच म्हणायचा ना रे?"

शैलेंद्र उठला, गाडीची किल्ली घेतली आणि माझ्या शेजारून दार ओढून निघून गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. पासपोर्ट वेदांगच्या हातात देऊन म्हणाला, "हा तुझ्याजवळच ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस."

वेदांग गेला. कॉलेज नव्या स्टिक देतं, म्हणून मी दारामागेच राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. क्लबवर माझा अजूनही विश्वास नाही. बचावपटू तिकडे खरंच घडतात का, ते चार वर्षांनी कळेल. पण मित्रांनो, एक मागणं आहे. माझ्यावरची धूळ पुसा, माझ्या दांड्यावरची सैल झालेली पट्टी बदला, आपल्या माणसांनाही जिवापाड जपा. फक्त जपतो जपतो म्हणत कुलूप लावाल, तेव्हा किल्ली त्यांच्याच हातात द्या.