सोमवारचा गुपित खेळ

जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनमध्ये सोमवारी संध्याकाळी साडेसहाला कोणता सिनेमा लागणार हे दोनच माणसांना ठाऊक असे. एक, थिएटरच्या मालकीणबाई फ्राउ हार्म्स, आणि दुसरा हेनिंग ओल्टमान्स. फ्राउ हार्म्सना ठाऊक असणारच, सिनेमा त्याच मागवायच्या. हेनिंगचा मात्र थिएटरशी तिकिटापलीकडे काही संबंध नव्हता. तो शहर बससेवेच्या कचेरीत वेळापत्रकं आखायचा. लग्न केलं नव्हतं, वय अठ्ठावन्न.

सोमवारचा खेळ गुपित असायचा. अजून बाजारात न आलेला एक नवा सिनेमा, नाव न सांगता, सहा युरोत. दिवे मालवेपर्यंत लोकांनी तर्क लढवत बसायचं. पहिल्या पंधरा मिनिटांत उठून गेलात तर दुसऱ्या कुठल्याही खेळाचं तिकीट फुकट. त्यानंतर उठलात तर तुमचं तुम्ही बघा. शेवटी प्रत्येकाने चिठ्ठीवर शाळेतल्यासारखा गुण लिहून पेटीत टाकायचा, एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे नापास.

हेनिंग दर रविवारी थिएटरच्या इंटरनेटवरच्या पानावर आपली यादी टाकायचा. येत्या तीन-चार आठवड्यांत कोणते सिनेमे येणार, कोणाची लांबी किती, फ्राउ हार्म्सचं कोणत्या वितरकाशी जमतं आणि कोणाशी बिनसलंय, हे सगळं जुळवून प्रत्येक नावापुढे टक्के लिहायचा आणि जोडीला दोन ओळी शेरा. शेरे बहुतेक कडूच असत. हल्लीच्या सिनेमांबद्दल त्याचं एकूण मत फारसं बरं नव्हतं. निम्मे कशाचे तरी दुसरे नाहीतर तिसरे भाग, झलक बघावी तर तिच्यातच अख्खी गोष्ट सांगून टाकलेली, आणि सत्तरीच्या नटाच्या तोंडाला यंत्राने तिशीचं कातडं चढवलेलं. तरीही येणारा प्रत्येक सिनेमा त्याला तोंडपाठ असायचा. चाळीसेक माणसं ती यादी वाचत आणि दहापैकी आठ वेळा ती खरी ठरे. राहिलेल्या दोन वेळांबद्दल हेनिंग बोलत नसे.

सातव्या रांगेत नऊ नंबरची खुर्ची त्याची, दहा नंबरची त्याच्या बहिणीची. वीबके त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. चौदा वर्षं दोघांनी सोमवार चुकवला नव्हता. बाहेर पडलं की ती एकच शब्द विचारायची, "किती?" आणि तो गुण सांगायचा. मग गाडीत त्यावरून भांडण.

नोव्हेंबरात वीबकेचा मुलगा थाडे कोळंबीच्या बोटीवरून समुद्रात पडला. बावीस वर्षांचा होता. नवव्या दिवशी प्रेत सापडलं. तेव्हापासून वीबके घराबाहेर पडली नव्हती. पाववाल्याकडेसुद्धा तिचा नवरा एनो जायचा. फोन वाजला तर ती उचलत नसे, फक्त हेनिंगचा तेवढा उचलायची. असं का, ते त्याला कळलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं.

सात महिने दर रविवारी तो तिला फोनवर सिनेमाला येतेस का म्हणून विचारत राहिला आणि दर रविवारी ती नाही म्हणत राहिली. जूनमधल्या एका रविवारी मात्र ती म्हणाली, "कशाबद्दल आहे?"

हेनिंग खुर्चीतून उठूनच उभा राहिला. "विनोदी आहे. तिघे साडू एका जुन्या गाडीतून तळ्याकाठी तंबू ठोकायला जातात. नावच 'तीन साडू'. चौऱ्याण्णव मिनिटांचा."

"मूर्खपणाचा दिसतोय."

"अगदी मूर्खपणाचा. गुण चार, फार तर साडेतीन."

"नक्की तोच आहे?"

त्याच्यासमोर संगणकाच्या पडद्यावर यादी होती, अर्ध्या तासापूर्वीच टाकलेली. "शंभर टक्के," तो म्हणाला.

सोमवारी तो तिला घ्यायला गेला तेव्हा एनो दारातच उभा होता. आयुष्यभर बंदरात मोठी जहाजं ओढणारी बोट चालवलेला माणूस, पण सात महिन्यांत वाळून गेलेला. हेनिंगला बाजूला घेऊन तो म्हणाला, "हे बघ, काही रडकं नको हं. मोठ्या मुश्किलीने कोट घातलाय तिने."

"तीन साडू. शब्द देतो."

"साडवांवर कोणी सिनेमा काढतं होय? मला एकच आहे, त्याचं तोंडही बघवत नाही." एनो हसला. हेनिंगने त्याला हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं, आणि आपण फार चांगलं काम करतोय असं त्याला वाटलं.

थिएटरात लोकांनी वीबकेला ओळखलं. कोणी पुढे होऊन काही बोललं नाही, मान तेवढी हलवली. इकडची माणसं दुःखाला असंच भेटतात, लांबून. ती दहा नंबरवर बसली आणि कोट काढून तिने मांडीवर घेतला. फ्राउ हार्म्स पडद्यापुढे आल्या. रिवाजाप्रमाणे एक खूण सांगायची म्हणून म्हणाल्या, "आज पाणी आहे मंडळी. टॉवेल आणलेत का?"

लोक हसले. मागच्या रांगेतून कोणीतरी हेनिंगच्या खांद्यावर थाप मारली. "तळं. साडूच आहेत, ओल्टमान्स."

"मग काय," हेनिंग म्हणाला. वीबकेच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, हसू म्हणावं इतपत.

दिवे गेले. पडद्यावर काळोख, आणि काळोखात लाकडावर पाणी आपटल्याचा आवाज. मग एक पांढरी रेघ उमटली, नॉर्वेतल्या एका छोट्या कंपनीचं चिन्ह. ते चिन्ह हेनिंगने झोपेतही ओळखलं असतं. हा 'धक्क्यावरची खुर्ची' होता. दोन वर्षं तो या सिनेमाची वाट बघत होता. त्याच्याबद्दल छापून आलेलं अक्षर न् अक्षर त्याने वाचलं होतं, छायाचित्रणाबद्दल, आवाजाबद्दल, त्यातल्या बाईच्या अभिनयाबद्दल. शहरात तो लागणार नाही, ब्रेमेनला जाऊन बघावा लागणार, असं त्याने गृहीत धरलं होतं. आणि तो इथे, त्याच्या पुढ्यात सुरू झाला होता.

त्याला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, मनापासून आनंद झाला. स्वतःशीच हसत तो खुर्चीत पुढे सरकला आणि त्याच्या तोंडून बारीकसा "आहा" निघून गेला.

वीबकेने त्याच्याकडे वळून पाहिलं.

पडद्यावर सकाळ झाली. एक बाई स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून धक्क्यावर नेते आणि पाण्याकडे तोंड करून बसते. लांबवर एक बोट, बोटीवर दोन पाणबुडे. तेवढ्यात हेनिंगला शेजारी कोण बसलंय ते आठवलं. बाईचा मुलगा पाण्यात हरवलाय आणि अख्खा सिनेमा ती तिथे बसून राहते, हे त्याला ठाऊक होतं. बहात्तराव्या मिनिटाला काय होतं तेही ठाऊक होतं.

घड्याळात सहा मिनिटं झाली होती. अजून नऊ हातात होती. वीबकेचा दंड धरायचा, उठायचं, बाहेर न्यायचं, एवढंच करायचं होतं. त्याने स्वतःशी म्हटलं, तिला अजून कळलेलं नाही. मग म्हटलं, मध्येच उठवलं तर सगळ्या लोकांसमोर तिचा तमाशा होईल. दोन्ही कारणं चांगली होती. तोवर कॅमेरा पाण्याच्या पातळीला आला आणि धुक्यातून बोट अशी काही पुढे सरकू लागली, की त्याचं तोंड उघडं पडलं. पुन्हा घड्याळ पाहिलं तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती.

"जायचं का?" त्याने कुजबुजत विचारलं.

"बस," वीबके म्हणाली.

ती पडद्याकडे बघत बसली. रडली नाही, डोळे पुसले नाहीत, मांडीवर धरलेला कोट सोडला नाही. मागे कोणीतरी कागदी पिशवीतून लाह्या खात होतं. हेनिंगला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो पडद्याकडे बघू लागला, आणि लाजेची गोष्ट अशी की मधूनमधून तो तिला विसरला. बहात्तराव्या मिनिटाला पाणबुडा वर आला, त्याने हात वर केला, आणि खुर्चीतली बाई उठली नाही. थिएटरात कोणी हललं नाही. लाह्यांचा आवाजही थांबला.

बाहेर साडेआठचं लख्ख ऊन होतं. पेटीजवळ वीबकेने चिठ्ठी घेतली, पेन्सिल घेतली, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि कोरी चिठ्ठी घडी करून पेटीत टाकली. हेनिंगने आपली चिठ्ठी पाठ वळवून लिहिली.

गाडी बंदराच्या पुलाला लागली. पुलावर ती म्हणाली, "किती?"

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा विचारलं, "किती दिलेस?"

"दोन."

"एक का नाही?"

हेनिंग सिनेमाबद्दल खोटं बोलू शकत नव्हता. ते त्याला जमतच नव्हतं. "मधला भाग जरा लांबला," तो म्हणाला, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मधल्या भागात ती बाई नुसती वाट बघत बसलेली होती.

"लांबतो तो," वीबके म्हणाली.

पुढच्या सिग्नलला तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नाही. शपथ घेतो, नाही. मला साडूच वाटले होते."

तिने मान हलवली. घराशी एनो फाटक उघडून वाट बघत होता. उतावीळपणे त्याने विचारलं, "काय मग, हसलात का?"

"हेनिंग हसला," वीबके म्हणाली आणि आत गेली. एनोने हेनिंगचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला.

आठवडाभर हेनिंगने फोन केला नाही. रविवारी तो यादीला बसला. या वेळी तिच्यासाठी एखादा अगदी बिनधोक सिनेमा शोधायचा असं त्याने ठरवलं होतं. गुपित खेळ नको, नाव ठाऊक असलेला, दुपारचा. येत्या तीन महिन्यांत अठ्ठावीस सिनेमे येणार होते. ते सगळे त्याला पाठ होते आणि आजवर त्याने ते लांबी, तारीख, दिग्दर्शक असेच पाठ केले होते. आता तो तिच्या बाजूने वाचू लागला. अंतराळातल्या मारामारीत नायकाचा भाऊ मरत होता. लहान मुलांच्या चित्रांच्या सिनेमात पहिल्या पाच मिनिटांत अस्वलाची आई मरत होती. प्रेमकथेतली बाई विधवा होती. गुन्ह्यांच्या सिनेमांचं तर विचारायलाच नको. शेवटी त्याने 'तीन साडू' पुन्हा नीट वाचला. ते तिघे तळ्याकाठी जात होते ते सासऱ्याची रक्षा टाकायला. हे त्याने आधीही वाचलं होतं आणि शेऱ्यात 'गंमतशीर सुरुवात' असं लिहिलंही होतं.

अठ्ठाविसांपैकी एकही तिच्या कामाचा नव्हता. हेनिंग हात टेकून बसला. मेलेल्या माणसांवाचून यांना एक गोष्ट सांगता येत नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि इतकी वर्षं आपल्याला हे दिसलं नाही याची त्याला भीती वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. वीबके. सात महिन्यांत तिने आपणहून फोन केला नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला.

"यादी वाचत होते," ती म्हणाली. "गेल्या आठवड्याची."



"'तीन साडू, ऐंशी,'" तिने वाचलं. चष्मा लावून, एकेक शब्द सुटा करून ती वाचत होती. "'धक्क्यावरची खुर्ची, पंधरा. पण उद्या ही आली, तर माझ्यासारखा भाग्यवान मीच.'"

खिडकीखालून बस गेली. तीन मिनिटं उशिरा होती.

"मला शंभर सांगितलंस," वीबके म्हणाली.

"ऐंशी म्हटलं असतं तर तू आली नसतीस."

"नसते आले."

"तू बाहेर पडावंस एवढंच मला हवं होतं. खरंच, वीबके."

"असेल. तेही हवं होतं असेल." आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं हेनिंगला वाटलं. "ते नऊ दिवस आठवतात? सगळे मला सांगत होते, सापडेल, नक्की सापडेल, पोहणारा पोरगा आहे. पाद्री, शेजारी, बोटीचा मालक. एनोसुद्धा. सगळे शंभर टक्के. तू एकटा स्वयंपाकघरात येऊन म्हणालास, पाणी दहा अंशांवर आहे वीबके, काही तासांपलीकडे माणूस टिकत नाही. तुला तेव्हा हाकलून दिलं होतं मी."

"हो."

"पण नंतर फोन फक्त तुझाच उचलत होते. म्हटलं, हा तरी जे आहे ते सांगेल."

हेनिंगला काहीतरी म्हणायचं होतं. जे जे सुचलं ते कुठल्या ना कुठल्या सिनेमात ऐकलेलं होतं. तिकडे एनो कपाटातून ताटं काढत होता, त्याचा आवाज येत होता.

"उद्या काय आहे?" वीबकेने विचारलं.

समोर नवी यादी होती. पाच नावं, पाच आकडे, खाली बेरीज शंभर.

"माहीत नाही," हेनिंग म्हणाला.

"हेच गेल्या रविवारी म्हणायचं होतंस," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी त्याने तिला फोन केला. बराच वेळ वाजला, मग एनोने उचलला.