कोपराला सोसेल इतकं

"पाणी किती गरम हवंय, नाना?"

ईश्वर नानांना सांगता येईना. मोईज जळगावहून धुळ्याला नानांच्या हौदासाठी हिटर दाखवायला आला होता. विजेवरचा, सोलरचा आणि हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारा, असे तीन प्रकार त्यानं समजावले. सोलरला नानांनी लगेच नाही म्हटलं. गच्चीवर त्यांची बायको ललिता बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळवायची. आता कोणी वाळवत नव्हतं, तरी नाही म्हटलं.

परसातला हा पोहण्याचा हौद मस्कतच्या मुलानं, चंदननं, आईच्या गुडघ्यांसाठी बांधून दिला होता. पाण्यात चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ललिता एकटी कधी उतरली नाही. गल्लीतल्या दुखऱ्या गुडघ्यांच्या सगळ्या बाया लुगड्यानिशी कमरेएवढ्या पाण्यात गोल फिरायच्या, सुनांची उणीदुणी काढायच्या. नानांना घरात रेडिओ ऐकू यायचा नाही. थंडी पडली की चालणं बंद. यंदा हिटर घेऊ, असं ठरलं होतं. गणपती उठले आणि ललिता गेली. बायांचं येणं थांबलं.

काल चंदन फोनवर म्हणाला होता, "बाबा, हिटर घ्या, नाहीतर हौद बुजवून टाका. नुसतं पाणी सांभाळत बसू नका."

"बहुतेक लोक अठ्ठावीसवर ठेवतात," मोईज म्हणाला. "मशीन त्या हिशोबानं निवडायचं."

"थांब जरा," म्हणून नाना कुंपणापाशी गेले आणि शेजारच्या प्रमिलाबाईंना हाक मारली. त्या पदर सावरत आल्या, पण हौदापासून लांबच उभ्या राहिल्या.

"ललिताले पानी कितलं ऊन पाहिजे व्हतं?"

"मी काय आकडा सांगू, नाना? आक्का म्हने, तान्हा पोरले न्हाऊ घालतस ना, तसं. कोपरले सोसाले पाहिजे."

नानांनी न्हाणीतला तांब्याचा बंब पेटवला. ललितानंतर तो पेटला नव्हता; ते थंड पाण्यानंच अंघोळ उरकत. धूर डोळ्यांत गेला. पाणी तापल्यावर त्यांनी बादलीत काढलं, परसात आणलं आणि विसण घातलं.

प्रमिलाबाईंनी कोपर बुडवलं. "थंड शे. टाका आखो एक तांब्या." पुन्हा बुडवलं. "आते चटका बसस. चाळीस वरीस संसार करा, पन विसण घालता ये नही तुमले!"

नाना कसनुसं हसले. थोडं थंड पाणी घातलं. या खेपेला प्रमिलाबाईंनी कोपर लवकर काढलं नाही.

"हाई बराबर," त्या हळूच म्हणाल्या.

मोईजनं थर्मामीटर धरला. "पस्तीस. नाना, मग मशीन मोठं लागेल. हौदावर झाकणही हवं."

"थांब," नाना म्हणाले. मग प्रमिलाबाईंकडे वळले. "तुम्ही बठ्ठ्या बाया येनार नहीत तं मी हाई कोनासाठे लेऊ?"

"वरीस व्हवू द्या, नाना. दुखवटानं घर शे. आम्ही हसत-खिदळत पानीमा उतरूत, तं लोकं काय म्हनतीन?"

"पानी वरीसभर थांबस का? शेवाळ धरी लेस." नानांचा आवाज थकला होता. "हसू नका, मंग. नुसत्या चाला."

प्रमिलाबाई वळल्या. फाटकापर्यंत गेल्या, तिथं गुडघा धरून थांबल्या.

"चालताना बोलनं तं व्हईच, नाना," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

"मोठंच पाठव," नाना मोईजला म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी बादली हौदात रिकामी केली. जरा वाफ दिसली, मग पाणी होतं तसंच झालं. पायरीच्या मधोमध ललिताच्या रबरी चपला ती गेल्यापासून तशाच होत्या. त्यांनी त्या उचलल्या नाहीत. भिंतीकडे थोड्या सरकवल्या, बाकीच्यांच्या चपलांना जागा होईल इतक्या.