दोघांचे मेंदू

भीमपूरच्या रामाजी गुरुजींना वांग्याचं नाव आठवेना, तेव्हा घरात आधी हसूच आलं. "ते जांभळं, टोपीवालं कर आज," ते म्हणाले, आणि त्यांच्या बायकोनं, सखूबाईंनी, वांगी चिरायला घेतली. मग कात्री गेली, छत्री गेली. एकदा तर दारातल्या बकरीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे काय असते?" जन्मभर पोरांकडून शब्दार्थ पाठ करून घेतलेला माणूस. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार. यात आधी शब्दांचे अर्थ जातात.

त्यांची लेक प्रतिभा हैदराबादच्या प्रयोगशाळेत याच आजारावर काम करायची. मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. सुट्टीत ती घरी आली, तेव्हा जेवता जेवता रामाजी म्हणाले, "तू तिथं काय करून राह्यली, ते मले एकदा नीट सांग."

"बाबा, मेंदूच्या पेशीत मधोमध केंद्रक असते. तिथं एक प्रथिन राहते, त्याचं काम तिथंच. या आजारात ते केंद्रक सोडून बाहेर येते अन् बाहेर त्याच्या गुठळ्या होतात. आतलं काम तसंच पडून राहते."

"काऊन बाहेर येते?"

"तेच शोधून राह्यलो आमी."

"मंग माह्या डोक्यात पाहून घे."

"जित्या माणसात ते दिसत नाई, बाबा. माणूस गेल्यावरच..."

"मंग गेल्यावर पाहून घे," रामाजी सहज म्हणाले आणि ताकाकडे बोट दाखवून त्यांनी 'ते पांढरं' मागितलं.

सखूबाईंनी भाकरी ताटात आपटली. "जेवताना हे काय बोलणं?" मग दिवसभर त्या लेकीशी बोलल्या नाहीत. प्रतिभालाही चैन पडेना. रोज ती अनोळखी माणसांचे काप बघायची. काचेवर बाबांचा काप मात्र तिला कल्पनेतही बघवेना. नकोच म्हणून सांगू, असं तिनं जवळजवळ ठरवलं.

संध्याकाळी अंबाडी निवडताना सखूबाईंनी विचारलं, "का वं, बिघडलेलेच मेंदू लागतात का तुमाले?"

"नाई माय. चांगलेबी लागतात, ताडून पाहाले. ते तर मिळतच नाईत."

"मंग माहाबी लिवून घे. या माणसासंगं इतकं राहून चांगला उरला असन तर."

प्रतिभा इतकी हसली की रामाजी बाहेर आले. तिनं त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे दोघंबी हैदराबादले?" त्यांनी विचारलं.

"तुमी तर कवा नेलंच नाई मले," सखूबाई म्हणाल्या. "आता नेतील हिच्या कामावरचे."

"पण ते, हवा येते ना, तिथं मी बसन."

"बसा खिडकीपाशी. मले बसमधी झोपच लागते."